‘पुढे काय झालं?’ असं विचारू नये

कवळीवाला: हात लावू नका! त्या ट्रेमधल्या सगळ्या अजून मेणातल्या आहेत. नुसतं बोट लागलं तरी दात हलतो, आणि मग एखाद्या आजोबांचं हसू आयुष्यभर डावीकडे जातं.

बाई: सॉरी, सॉरी. मी नुसती बघत होते. यातली आईची कुठली?

कवळीवाला: आईंची ही, माझ्या हातात आहे ती. पक्की झालीय, पॉलिश तेवढं राहिलंय. अहो, पण संध्याकाळी मी डॉक्टरांकडे पाठवणारच होतो. तुम्ही कशाला एवढे जिने चढून आलात?

बाई: डॉक्टर म्हणाले, घाई असेल तर जाऊन घेऊन या. मी त्यांच्याच हॉस्पिटलात असते. मेन गेटवर. भेटायला येणाऱ्यांचे पास बघायचे, वेळ संपली की सगळ्यांना बाहेर काढायचं.

कवळीवाला: म्हणजे शिव्या खायची नोकरी.

बाई: सवय झाली आता. शिस्त लागतेच ना कुणीतरी लावायला. काका, एक विचारू? रागावणार नाही ना?

कवळीवाला: हिशेब डॉक्टरांशी. मी कुणाच्या हातून पैसे घेत नाही.

बाई: पैशांचं नाही हो. तुम्ही... तुम्ही ‘खलाशी’ ना?

कवळीवाला: कोण?

बाई: खलाशी. इंटरनेटवर बोटीची गोष्ट लिहिणारे.

कवळीवाला: बाई, मी दात बनवतो. बोटी नाही बनवत.

बाई: एका भागाच्या खाली तुम्हीच लिहिलं होतंत, ‘उशीर झाला, माफी असावी, कवळ्यांचा ढीग पडला होता.’ ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मग आईचे दात करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना सहज विचारलं, गावात कवळ्या करणारे कोण कोण आहेत? ते म्हणाले, तिघं. एक कायम नशेत असतो, एकाला बिलावर सही सोडून काही लिहिता येत नाही, आणि तिसरा दिवसभर तोंडातून चकार शब्द काढत नाही. म्हटलं, जो बोलत नाही तोच लिहीत असणार.

कवळीवाला: दार लोटा ते. आत माझी बहीण आहे. तिला कळलं की गल्लीला कळलं. म्हातारा माणूस बंद पडलेल्या मालिकेतल्या बाईच्या गोष्टी लिहीत बसतो म्हणून जन्मभर दात काढतील लोक.

बाई: म्हणजे तुम्हीच! अगं बाई... माझा विश्वास बसत नाहीये. काका, मी राखणदार.

कवळीवाला: तुम्ही? त्या गोष्टींच्या साइटवर सगळ्यांना शिस्त लावणारे राखणदार तुम्ही? मला वाटायचं कुणी रिटायर्ड हेडमास्तर असेल. मिशा वगैरे असलेला.

बाई: सगळ्यांना तसंच वाटतं. बरंच आहे, लोक टरकून असतात. मला माहितीय, लेखकाच्या दारात असं यायचं नसतं. तो नियम मीच लिहिलाय आणि आज मीच मोडतेय. पण राहवलं नाही. मालिकावाल्यांनी मधेच गाशा गुंडाळला तेव्हा काय हाल झाले होते आमचे! बोट धुक्यात अडकलेली, कप्तानबाई तापानं फणफणलेली, तिची पोरगी इकडे धक्क्यावर वाट बघत उभी, आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला भलताच नाचगाण्याचा कार्यक्रम. जीव टांगणीला लागला होता. मग तुम्ही ती गोष्ट तिथून पुढे लिहायला घेतलीत. मी आईला वाचून दाखवायचे. आई म्हणायची, मालिकेपेक्षा हा बाबा बरा लिहितो.

कवळीवाला: आईंना दात नव्हते म्हणून चावता आली नसेल, नुसती गिळली असेल.

बाई: थट्टा नका करू. मग तुम्ही थांबलात. कप्तानबाई इंजिनवाल्याला जवळ बोलावते, म्हणते, ‘माझ्या पोरीला एवढंच सांग’, आणि तिथे भाग संपतो. त्यानंतर काहीच नाही. आम्ही एका शब्दानं विचारलं नाही तुम्हाला. बघितलंत ना?

कवळीवाला: बघितलं. चांगलंच बघितलं.

बाई: आमच्याकडची रीतच आहे ती. अर्धी राहिलेली गोष्ट असली की लेखकाला ‘पुढचा भाग कधी’ म्हणून विचारायचं नाही. खाली नुसता एक कंदील, चित्रातला, ठेवायचा आणि गुपचूप निघून जायचं. धक्क्यावर ती पोरगी ठेवते ना, तसा. म्हणजे आम्ही आहोत, तुम्ही तुमच्या सवडीनं या. शेकडो कंदील आहेत तुमच्या त्या भागाखाली.

कवळीवाला: मला काय स्वप्न पडलंय ते अगत्य आहे म्हणून! रोज उघडावं तर कंदील. पुन्हा कंदील. कुणी अक्षर बोलत नाही, कुणी भांडत नाही, एवढंही कुणी म्हणत नाही की बाबा, मेलास काय. मला वाटलं, माणूस गेल्यावर येऊन दिवा लावून जातात, तसं चाललंय. म्हटलं, आपली गोष्ट गेली, लोक भेटून चाललेत.

बाई: अहो, असं कसं वाटलं तुम्हाला? आम्ही तर तुम्हाला जपत होतो! तुम्हाला माहीत नाही, पूर्वी एक पोरगी लिहायची आमच्याकडे. कॉलेजातली. काय हात होता तिचा! लोक मागे लागले. आज टाक, आत्ता टाक, झोपलीस काय, आम्हाला वेड्यात काढतेस काय. एका रात्रीत सगळं लिहिलेलं पुसून निघून गेली. पुन्हा कुठे दिसली नाही. तेव्हा मी राखणदारी घेतली. ठरवलं, पुन्हा कुणा लेखकाच्या मागे असा ससेमिरा लागू द्यायचा नाही.

कवळीवाला: चांगलं ठरवलंत. त्या पोरीसाठी चांगलंच होतं ते.

बाई: मग तुम्ही का थांबलात? तब्येत बरी नव्हती? विचारू नये, पण आता एवढे जिने चढून आलेच आहे.

कवळीवाला: वाचणारं माणूस गेलं.

बाई: शेकडो आहेत म्हणतेय ना मी!

कवळीवाला: असतील. मी एकासाठी लिहीत होतो. ते यायचं बंद झालं. मग कप्तानबाईला बोलतं ठेवून करायचं काय?

बाई: एक मिनिट. तुम्ही त्या ‘भुणभुण’ नावाच्या वाचकबाईबद्दल तर नाही ना बोलत?

कवळीवाला: तुम्हाला ठाऊक आहे ती?

बाई: ठाऊक? अहो, तेच तर सांगायचं होतं तुम्हाला! आधी आठवड्याला एकदा, मग दिवसाआड, मग रोज. ‘पुढे काय झालं?’ तुम्ही बिचारे किती सोशिकपणे उत्तर द्यायचात, ‘धुकं आहे, जरा थांब.’ की लगेच तिचं, ‘किती थांबू?’ एवढे लोक मुकाट कंदील ठेवतायत आणि ही एकटी दार बडवतेय. मला तुमची दया यायची हो. शेवटी म्हटलं, पुरे झालं. काढलं मी तिला.

कवळीवाला: काय केलंत?

बाई: काढलं. बंदच केलं दार. म्हणजे तिला लिहिता येणार नाही, तुमचा नवा भाग आला तरी निरोप जाणार नाही. मला वाटलं, आता तरी तुम्ही निवांतपणे... काका? अहो, ते पॉलिशचं चाक बंद करा आधी, तुमच्या बोटाला लागलंय.

कवळीवाला: लागू दे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

बाई: कुणी सांगायला कशाला हवं? तुमच्यासाठीच केलं ना मी.

कवळीवाला: मी तक्रार केली होती? एका ओळीनं तरी?

बाई: तुम्ही भिडस्त आहात, तुम्ही कशाला कराल—

कवळीवाला: कुणी सांगितलं होतं तुम्हाला!

अक्का: अरे, काय झालं? चाक बंद पडलं आणि तू ओरडतोयस! तीस वर्षांत कधी आवाज चढला नाही या खोलीत. ही कोण? आणि हे रक्त कसलं, बाबू?

कवळीवाला: काही नाही, अक्का. तू आत जा.

अक्का: आत जा म्हणे. चहा टाकलाय, तो तिकडे उकळतोय नि तू इकडे. धर, हा बोळा दाब त्यावर. काय गं, काय बोललीस माझ्या भावाला?

बाई: मी... मी एका बाईबद्दल सांगत होते. इंटरनेटवरच्या. खूप त्रास देणारी होती, म्हणून मी तिला बाहेर काढलं. यांच्या भल्यासाठी.

कवळीवाला: भुणभुण, अक्का. हिनं भुणभुणला बाहेर काढलं.

अक्का: कुठली भुणभुण? आपली?

बाई: आपली म्हणजे?

अक्का: अगं, याची पोरगी! लहानपणी गोष्ट सांगून संपली तरी आईच्या पदराला धरून बसायची. पुढे काय झालं, पुढे काय झालं. राजा झोपला म्हटलं तरी, उठल्यावर काय झालं? तिची आई म्हणायची, ही माझी भुणभुण. पण ते घरातलं नाव. उंबऱ्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.

कवळीवाला: म्हणून तर ओळखली मी. पहिल्याच दिवशी.

बाई: तुमची मुलगी? पण मग ती... मग तुम्ही एकमेकांना फोन का नाही करत?

अक्का: फोन! पाच वर्षं झाली बापलेकीत शब्द नाही.

कवळीवाला: अक्का, राहू दे.

अक्का: काय राहू दे? मनात कुढून काय मिळवलंस? ऐक गं बाई. त्या पोरीची आई आजारी पडली तेव्हा ती परगावी, शेवटच्या परीक्षेला बसलेली. आईनं याच्याकडून वचन घेतलं, पेपर होईपर्यंत कळवायचं नाही. हा वचनाला जागला. शहाणा! पेपर संपले त्याच्या आधी आई संपली. पोरगी धावत आली तर घरात काय, पुसलेली फरशी आणि घडी केलेली गादी. दारातच म्हणाली, बाबा, आईचा शेवट तुम्ही माझ्यापासून चोरलात. यापुढे आईबद्दल तुमच्या तोंडून मला एक शब्द ऐकायचा नाही. बॅग खाली ठेवली नाही तिनं. तशीच गेली.

कवळीवाला: तोंडून ऐकायचा नाही म्हणाली ना. म्हणून मी बोटीतून पाठवत होतो.

बाई: म्हणजे कप्तानबाई...

कवळीवाला: ती मालिका आम्ही तिघं एकत्र बघायचो. म्हणजे त्या दोघी मायलेकी बघायच्या, मी दात घासत ऐकायचो. मालिका बंद पडली तेव्हा पोरीची आई आजारी होती. म्हणाली, ‘तुम्ही लिहा की हो पुढचं. तुम्ही काय, जबड्यावरून माणूस ओळखता.’ थट्टेत म्हणाली. ती गेल्यावर लिहायला बसलो. कुणासाठी नाही, रात्र सरत नव्हती म्हणून. आणि चौथ्या का पाचव्या भागाखाली एक ओळ आली, ‘पुढे काय झालं?’ खाली नाव, भुणभुण. बाई, मी या स्टुलावरून पडायचा राहिलो होतो.

अक्का: आणि मला बोलला नाहीस! एका घरात राहून!

कवळीवाला: काय बोलू? कवळ्यांच्या त्या ओळीवरून तिनंही मला ओळखलंच असणार. पण तिनं ओळख दिली नव्हती, मी दाखवली नाही. ती विचारणार, मी म्हणणार धुकं आहे. तेवढंच बोलणं आमचं. पण रोजचं होतं, अक्का. कुणी समोर बसून जेवावं तसं होतं ते मला.

बाई: देवा... मला काय माहीत? ती म्हणाली असती मी मुलगी आहे म्हणून, तर मी—

कवळीवाला: ती कशाला म्हणेल? मलाच म्हणाली नाही, तुम्हाला म्हणेल?

अक्का: मग तू तिला लवकर का सांगितलं नाहीस रे? आई काय म्हणाली ते? धुकं, धुकं काय लावलं होतंस?

कवळीवाला: घाबरलो.

अक्का: कशाला घाबरलास?

कवळीवाला: शेवट सांगितला की ती विचारायची थांबेल ना. मग काय उरलं माझ्याकडे? म्हणून लांबवत गेलो. एक भाग नुसत्या भोंग्याचा लिहिला. एक भाग दोरखंड सुकवण्याचा. ती ‘किती थांबू’ म्हणायची आणि मी आनंदानं पुढच्या धुक्याला बसायचो. आईच्या बोलण्याचं आमिष केलं मी. मग एके दिवशी तिची ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मला वाटलं, पोरीला बापाचा डाव कळला, कंटाळली, गेली. बरोबरच केलं म्हटलं तिनं. दोनदा तिला शेवटापाशी आणून उभं केलं आणि दोन्ही वेळा तोंड मिटून घेतलं.

बाई: ती कंटाळली नव्हती.

कवळीवाला: आता कळलं ते. तुम्ही काढलंत.

बाई: नाही, काका. तेवढंच नाही. मला... मला पाणी मिळेल थोडं?

अक्का: बोल आधी. पाणी नंतर.

बाई: काढायच्या आधी आम्ही एक निरोप पाठवतो. ‘तुमच्यामुळे लेखकाला त्रास होतोय’ असा. ठरलेला मजकूर असतो तो, सगळ्यांना तोच जातो. बहुतेक लोक चिडतात, चार शब्द सुनावतात. तिनं तसं काही केलं नाही. तिनं फक्त विचारलं, ‘हे त्यांनी स्वतः सांगितलंय का?’

कवळीवाला: आणि तुम्ही?

बाई: तुम्ही समजून घ्या. गेटवर आमचं कसं असतं, भेटीची वेळ संपली म्हटलं तर माणसं अंगावर येतात. तू कोण मला अडवणारी म्हणतात. मग आम्ही सगळेच एक गोष्ट करतो. आम्ही म्हणतो, मी नाही हो अडवत, पेशंटच नको म्हणतायत. पेशंट म्हणतायत, कुणाला पाठवू नका. की माणूस गप्प होतो. वाद घालत नाही, मान खाली घालतो आणि जातो. रोज म्हणते मी ते. तोंडात बसलंय.

अक्का: तू पोरीला काय लिहिलंस ते सांग.

बाई: ‘हो. त्यांनीच सांगितलंय. त्यांना तुम्ही नको आहात.’

(आत चहा उतू गेल्याचा वास येतो. कुणी उठत नाही.)

अक्का: तरीच.

कवळीवाला: काय तरीच?

अक्का: तिचा फोन आला होता मला. बरेच दिवस झाले. ‘आत्या, बाबा बरे आहेत ना?’ म्हटलं, आहे की, दात घासतोय. मग रडायला लागली. म्हणाली, ‘बाबांनी मला परत दाराबाहेर ठेवलं, आत्या. या वेळी तर स्वतःहून सांगून ठेवलं.’ मला काय कळणार? मी म्हटलं, अगं तो कुणाला दाराबाहेर ठेवतोय, त्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं. तर म्हणाली, ‘तुला नाही कळायचं. त्यांना सांगू नकोस मी फोन केला होता म्हणून. आता नाही करणार.’

कवळीवाला: आणि तू सांगितलं नाहीस.

अक्का: शपथ घातली रे तिनं! तू बायकोच्या वचनाला जागलास, मी पोरीच्या शपथेला जागले. आपल्या घराण्याला हा रोगच आहे मेला. नंतर जीव राहीना म्हणून मी त्या नंबरवर केला फोन. लागला नाही. लागतच नाही. बदलला तिनं नंबर.

बाई: थांबा. थांबा, मी आत्ता उघडते. माझ्या हातात आहे ते. बंद मी केलं, उघडू मीच शकते. आत्ताच्या आत्ता तिला लिहिते, चूक माझी होती, सगळं खोटं होतं. हे बघा, आलं नाव. भुणभुण. हे उघडलं...

कवळीवाला: काय झालं?

बाई: नाही होत.

अक्का: का नाही होत?

बाई: खातं बंद केलेलं आहे. मी नाही, तिनं. त्याच दिवशी. माझं उत्तर गेलं आणि... लगेच. निरोप पाठवायला आता कुणी नाहीच तिथे.

अक्का: बैल गेला आणि झोपा केला.

बाई: पण काका, ऐका. खातं नसलं तरी साइट कुणालाही वाचता येते. तुम्ही शेवटचा भाग टाका. आजच टाका. ती नाव न लावता येऊन बघत असेल. मी वर मोठ्या अक्षरांत लिहीन, चूक माझी म्हणून.

कवळीवाला: बघत असेल? बापानं नको म्हटलेल्या दाराला ती कान लावून बसेल? तुम्ही तिच्या आईला पाहिलं नाहीत. ती आपल्या आईची पोरगी आहे. एकदा बॅग उचलली की उचलली.

बाई: प्रयत्न तर करू या. लिहिलेला आहे का तुमच्याकडे तो भाग?

कवळीवाला: आहे. मेणात आहे.

बाई: म्हणजे?

कवळीवाला: ही कवळी बघताय ना तुम्ही, ही आधी मेणात होती. डॉक्टरांनी ती आईंच्या तोंडात घातली, त्यांनी चावून पाहिलं, कुठे टोचतंय ते सांगितलं. मग मी पक्की केली. ज्याचं तोंड त्यानं चावून बघितल्याशिवाय पक्की करत नाहीत. कितीही कारागीर असलात तरी नाही. ते वाक्य एकाच माणसाच्या मापाचं आहे. ते माणूस मापाला येत नाही. मग राहू दे मेणात.

अक्का: बाबू, मला तरी सांग. काय म्हणाली रे ती शेवटी? मी पण नव्हते त्या वेळी.

कवळीवाला: नाही, अक्का.

अक्का: मी मरून जाईन एखाद दिवशी. तू पण जाशील. मग?

कवळीवाला: मग कुणालाच कळणार नाही. पोरीच्या आधी दुसऱ्या कुणाच्या कानावर घालणार नाही मी ते. तेवढं तरी तिचं चोरायचं नाही.

बाई: काका, माझ्यावर ओरडा ना. मघाशी ओरडलात तसं ओरडा.

कवळीवाला: ओरडून काय करू? तुम्ही वाईट नाही, बाई. वाईट असतात तर सोपं गेलं असतं. तुम्ही दार राखलंत, मी धुकं लिहिलं, अक्कानं शपथ पाळली. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

बाई: मी शोधीन तिला. हॉस्पिटलात ओळखी आहेत माझ्या, कुठेतरी नाव लागेल, पत्ता लागेल—

कवळीवाला: आणि शोधून तिच्या दारात उभ्या राहाल? जशा माझ्या राहिलात? नको. तिला बाहेर काढलेलं पुरे झालं. आता निदान कुणी घुसायला नको.

बाई: मग मी काय करू?

अक्का: आधी पाणी पी. रडून रडून घसा बसलाय तुझा. मी चहाचं बघते, पातेलं जळलं असेल एव्हाना.

बाई: काका, एकदाच. मला विचारू द्या. आजवर कुणाला विचारलं नाही मी, आईलासुद्धा गप्प करायचे. रोज झोपताना म्हणायची, पुढे काय झालं गं? मी म्हणायचे, आई, असं विचारू नये. काका... पुढे काय झालं?

कवळीवाला: आईंची कवळी झाली. द्या, डबा द्या इकडे.

बाई: काका.

कवळीवाला: रात्री काढून पाण्यात ठेवायची. कोरडी ठेवली की वाकते. टोचलं कुठे तर घरी कानशीनं घासत बसू नका, इकडे घेऊन या.

बाई: हो.

कवळीवाला: पहिले थोडे दिवस बोलायला जड जाईल. शब्द अडकतील, सगळीकडे शिट्टी वाजेल. आईंना म्हणावं, घाबरायचं नाही. रोज थोडं मोठ्यानं वाचायचं, त्यानं जीभ वळते.

बाई: काय वाचायला देऊ?

कवळीवाला: काहीही. अर्धवट असलं तरी चालतं. आणि वाचता वाचता त्यांनी विचारलं, पुढे काय झालं, तर विचारू द्या.